उसवायचं की राहू द्यायचं?

गोधडी पालथी घातल्याशिवाय तिची खरी हकिकत कळत नाही. वरच्या बाजूला धावदोऱ्याच्या ओळी शिस्तीत बसलेल्या असतात, रंगाशेजारी रंग शोभत असतो, आठ-दहा दुपारी सार्थकी लागल्यासारख्या वाटतात. मग कधीतरी घडी घालताना ती उलटते आणि खालच्या साडीला पडलेला वीतभर झोळ दिसतो. दुमडलेला, चुरगळलेला आणि वरून घातलेल्या सहा-सात ओळींनी तिथेच पक्का झालेला. शिवणारीच्या पोटात गोळा येतो.

चूक कुठल्याही शिवणकामात होते. ब्लाउजची बाही बिघडली तर कापड पुन्हा आणता येतं. गोधडीचं कापड दुकानात मिळत नाही. आजीचं लुगडं, वडिलांचं धोतर, बाळंतपणात नेसलेली सुती साडी, लहानपणीचा परकर अशा वस्तूंचे थर तिच्यात असतात. हल्ली शहरांत आईच्या किंवा आजीच्या मागे राहिलेल्या साड्यांची आठवण म्हणून गोधडी शिवून घेण्याची, किंवा स्वतः शिवायला बसण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. अशा साडीला कात्री एकदाच लागते. ती चुकीच्या जागी लागली, की हळहळ कापडापुरती राहत नाही. म्हणूनच बिघडलेली गोधडी कित्येक घरांत माळ्यावर किंवा पलंगाच्या कप्प्यात सुईसकट गुंडाळून पडलेली असते. टाकवत नाही आणि हातातही घेववत नाही.

पण गोधडी ही मुळात दुरुस्तीतून जन्मलेली वस्तू आहे. फाटलं, विरलं, जीर्ण झालं म्हणून तर ते कापड तिच्यात आलं. तेव्हा तिच्यात झालेल्या चुकीला वाट काढण्याच्या रीतीही तिच्या घडणीतच दडलेल्या आहेत. त्या कळण्यासाठी एकच प्रश्न आधी विचारावा लागतो: ही चूक डोळ्याची आहे, की टाक्याची?

डोळ्याची चूक म्हणजे दिसायला खटकणारी. एक ओळ वाकडी गेली, हिरव्याशेजारी पुन्हा हिरवाच आला, टाके इथे जवारीच्या दाण्याएवढे आणि तिथे तांदळाएवढे झाले. अशी गोधडी आणखी २० वर्षं अंगावर घेता येते. टाक्याची चूक म्हणजे भार सोसू न शकणारी. कडेची शिवण काठोकाठ घेतल्यामुळे कापडाचे धागे सुटायला लागले, चिंधीचा कोपरा आत दुमडायचा राहिला, दोऱ्याची गाठ निसटली. ही चूक दिसायला बारीक असते, पण दोन धुण्यांत गोधडी उकलते. अनुभवी बायका पहिली चूक सोडून देतात आणि दुसरीसाठी मात्र हातभर शिवलेलं बिनदिक्कत उसवतात. नवशिक्या नेमकं उलट करतात. वाकड्या ओळीपायी रडकुंडीला येतात आणि निसटलेल्या गाठीकडे दुर्लक्ष करतात.

सुरुवातीचा तो झोळ या दोहोंच्या मध्ये बसतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

गोधडी जमिनीवर घातली जाते. खाली एक साडी, तिच्यावर जुन्या कापडांचे तीन, पाच, कधी सात थर आणि वर पुन्हा चांगली साडी किंवा जोडलेल्या चिंध्या. अनेक ठिकाणी धावदोरा कडेकडेने सुरू होतो आणि चौकटीच्या आत चौकट घेत मध्याकडे जातो. या पद्धतीने शिवताना थरांमधलं जास्तीचं कापड हळूहळू आत ढकललं जातं. कडा शिवून बंद झालेल्या असल्याने त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ते मधे साठतं. जुन्या बायकांना हे ठाऊक असतं. त्या आधी सगळे थर घट्ट ताणून, कोपऱ्यांवर जड भांडी किंवा दगड ठेवून, लांब लांब कच्च्या टाक्यांनी अख्खी गोधडी टाचून घेतात. ते टाचणं मात्र मधून सुरू होऊन कडेकडे जातं, म्हणजे जादा कापड बाहेर सरकत राहतं. टाचायचा कंटाळा केला किंवा फरशीऐवजी गादीवर बसून शिवायला घेतलं, की झोळ पडलाच समजायचं.

तो काढायचा कसा? सगळी ओळ ओढून काढायची नाही. झोळाच्या जागेपुरते टाके निवडायचे, एका बाजूने दर चौथा टाका बारीक कात्रीने कापायचा आणि गोधडी उलटून दुसऱ्या बाजूने दोऱ्याचे तुकडे हलकेच ओढायचे. ते न ताणता निघून येतात. जिथे ओळ कापली तिथली दोन्ही टोकं गाठ मारून आत दडवायची, म्हणजे पुढचं उसवत नाही. मग तळहाताने कापड जवळच्या कडेकडे सारायचं. कड अजून मोकळी असेल तर काम झालं. कड बंद असेल आणि झोळ मधोमध असेल, तर त्याची सरळ, चपटी चुणी पाडून ती बारीक टाक्यांनी दाबून टाकायची. पाठीला टोचत नाही, धुताना अडकत नाही, मग ती चुणी तिथेच नांदू द्यायला हरकत कसली? उसवल्यावर सुईची भोकं दिसतात, त्याने जीव खट्टू होतो. सुती कापडावर पाण्याचा हात फिरवून नखाने आडवं-उभं घासलं, की ती बरीचशी मिटतात. रेशमावर मात्र राहतात, म्हणून पैठणीचा तुकडा लावताना सुई दोनदा विचार करून टोचावी.

चिंध्या जोडून वरची बाजू करणाऱ्यांचं दुखणं वेगळं असतं. शिंप्याच्या मापात एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. प्रत्येक शिवणीत अर्धं सूत इकडेतिकडे झालं, तर वाटतं त्यात काय एवढं. अशा २० शिवणी झाल्या की सव्वा इंच फरक पडतो आणि शेजारच्या दोन ओळींचे कोपरे एकमेकांना भेटेनासे होतात. सुताराच्या भाषेत चौकट गुण्यात राहत नाही. तपासायची सोपी रीत आहे. दोन्ही तिरपे कर्ण मोजायचे. सारखे आले तर चौकट सरळ आहे. फरक थोडा असेल तर तो पुढच्या शिवणीत जिरवता येतो. यंत्रावर शिवताना मोठा तुकडा खाली आणि छोटा वर ठेवायचा, कारण यंत्राचे दाते खालचं कापड वरच्यापेक्षा जरा जास्त ओढतात आणि जादा कापड गुपचूप सामावून घेतात. उरेब कापलेल्या तुकड्यांबाबत मात्र सावध राहावं लागतं. उभ्या धाग्यात कापड कमी ताणतं, आडव्यात थोडं जास्त आणि तिरपं कापलं तर भरपूर. त्रिकोणी चिंध्यांची गोधडी मधे फुगते ती बहुधा यामुळे. अशा वेळी शिवणाऱ्या हाताला दोष देण्यात अर्थ नाही, कात्री चालली तेव्हाच ते ठरून गेलेलं असतं.

यंत्राविषयी आणखी एक गोष्ट. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की माणूस बॉबिनवर राग काढतो. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो, तो ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. दाबपट्टी वर उचलून दोरा पुन्हा ओवला, की गुंता थांबतो.

यापेक्षा मोठं संकट पहिल्या धुण्याच्या दिवशी येतं. महिनाभर खपून शिवलेली गोधडी पाण्यातून बाहेर निघते आणि लाल पदराचा रंग शेजारच्या पांढऱ्या धोतरावर उतरलेला असतो. गडद लाल, निळ्या आणि जांभळ्या कापडांकडून ही भीती अधिक. घराघरांत यावर मीठ सांगितलं जातं. मिठाची कीर्ती कापड रंगवण्याच्या कामातून आलेली आहे. रंगाच्या कढईत मीठ टाकलं की रंग पाण्यातून सुताकडे जास्त ओढला जातो. पण रंगवून, वापरून जुन्या झालेल्या कापडातला सैल रंग मीठ कायमचा धरून ठेवू शकत नाही. व्हिनेगरचंही तेच. लोकर आणि रेशमाच्या काही रंगांना आम्ल लागतं, सुताच्या रंगांना त्याचा उपयोग नाही.

खरी पहिली गोष्ट म्हणजे गोधडी वाळू द्यायची नाही आणि तिच्यावर इस्त्री फिरवायची नाही. ओली आहे तोवर परका रंग सुटण्याची आशा असते, वाळून उष्णता लागली की तो मुक्काम करतो. सगळी कापडं सुती असतील तर मोठ्या टबात भरपूर गरम पाणी घ्यायचं, भांड्यांचा पातळ साबण घालायचा आणि गोधडी पूर्ण बुडवून रात्रभर ठेवायची. इथे महत्त्व ‘भरपूर’ या शब्दाला आहे. सुटलेला रंग पाण्यात विरळ व्हावा लागतो आणि साबण त्याला पुन्हा कापडावर बसू देत नाही. सकाळी पाणी रंगलेलं दिसलं तर ते ओतून पुन्हा नवं. पाणी निवळ येईपर्यंत हे चालू ठेवायचं. इरकलीच्या किंवा पैठणीच्या रेशमी पदराला हा प्रयोग चालणार नाही, त्याला गरम पाणी सोसत नाही. ओली गोधडी एका कोपऱ्याला धरून कधीच उचलायची नाही. पाच-सात थरांत शोषलेल्या पाण्याचं वजन एवढं होतं की त्याने टाके तटातट तुटतात. खालून दोन्ही हातांचा आधार द्यायचा आणि सपाट जागी पसरून वाळवायची.

हे टाळता आलं असतं का? आलं असतं. शिवण्याआधी प्रत्येक गडद कापडावर ओला पांढरा रुमाल दाबून पाहायला पाच मिनिटं लागतात. नवं कापड घालायचं असेल तर ते आधी धुऊन आटवून घ्यायचं. नवं सुती कापड तीन-चार टक्के सहज आटतं. जुनी साडी केव्हाच आटून बसलेली असते. सात फुटांवर तीन टक्के म्हणजे अडीच इंच. दोन्ही एकत्र शिवली, तर पहिल्या धुण्यानंतर नवं आकसतं, जुनं तसंच राहतं आणि सगळीकडे सुरकुत्या पडतात. तान्ह्या बाळाचं दुपटं घरातल्या सर्वांत मऊ, वापरून विरलेल्या कापडाचं शिवण्यामागे ममता आहे, तसा हा हिशेबही आहे.

आता मनाकडे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशॉन आणि डॅन एरिअली या संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना त्यांनी आयकियाची खोकी जोडायला दिली, कागदाच्या घडीच्या वस्तू करायला दिल्या, लेगोचे संच दिले. स्वतःच्या हाताने केलेली ओबडधोबड वस्तूही माणसाला मोलाची वाटते, हे त्यात दिसलं. त्याच अभ्यासातला दुसरा भाग गोधडी शिवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. काम अर्धवट राहिलं, किंवा करून झालेलं पुन्हा मोडलं गेलं, तर ती जास्तीची माया उरली नाही. कष्ट पडले होते, पण हाती पुरी वस्तू राहिली नव्हती.

माळ्यावरच्या त्या गुंडाळलेल्या गोधडीकडे पाहवत का नाही, याचा थोडा उलगडा इथे होतो. तिच्यात चूक आहे यापेक्षा ती अपुरी आहे याचा सल मोठा असतो. म्हणून ज्या बायका यातून बाहेर पडतात, त्या काम लहान करून का होईना, पुरं करतात. दोन माणसांची गोधडी जमेना, तर बिघडलेला भाग कापून एकट्याची करतात. तेही जमेना तर दुपटं, नाहीतर देवघरापुढे बसायला बसकर, नाहीतर उशीचा अभ्रा. महाराष्ट्राच्या घरांत ही उतरंड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यात कमीपणा कुणी मानला नाही. त्याआधी एक रात्र काम बाजूला ठेवणं फार गरजेचं. दिवे लागल्यावर, डोळे शिणलेले असताना उसवायला घेतलं, की कात्री दोऱ्याबरोबर कापडही कापते. मग एका चुकीच्या दोन होतात. दुसऱ्या दिवशी गोधडी भिंतीवर टांगावी आणि सात-आठ फुटांवरून पाहावी. मांडीवर असताना डोळ्यांत खुपणाऱ्या निम्म्या चुका तिथून सापडतही नाहीत.

आणि फाटलंच तर ठिगळ. नेमकी ती जागा आत झाकून वर दुसरी चिंधी लावायची, कडा आत दुमडायच्या आणि चारी बाजूंनी टाके घालायचे. ठिगळाची लाज वाटायचं कारण निदान या मातीत तरी नाही. गाडगे महाराज (१८७६–१९५६) चिंध्या जोडलेला अंगरखा घालून गावोगाव झाडत फिरले आणि लोकांनी त्यांना ‘गोधडे महाराज’ असंच नाव दिलं.

शेजारच्या कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी स्त्रिया जे करतात ते तर पाहण्यासारखंच आहे. आफ्रिकी वंशाच्या या समाजाची बोली कोकणीच्या घराण्यातली, तिच्यात मराठी शब्दही भेटतात. त्यांची गोधडी म्हणजे कवंदी. त्या चिंध्यांचा आराखडा आधी आखत नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने चिंध्या लावत, लगेच शिवत, गोल फिरत मध्यापर्यंत येतात. पुढची चिंधी मागच्या चिंधीच्या कडेवर बसते. त्यामुळे आधीचं काही वाकडं झालं असेल तर त्यावर मांडायला नवं कापड हाताशीच असतं. चूक दुरुस्त करायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. शेवटी चारी कोपऱ्यांना घडीचे त्रिकोण, ‘फुलं’, लावली जातात. ती नसतील तर कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. शेतात घालायच्या जाड्याभरड्या पँटींच्या आणि खताच्या पोत्यांच्या कापडातून त्यांनी थंडीसाठी गोधड्या शिवल्या. मिसूरी पेटवे या स्त्रीने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. गुडघ्यांवर विटलेलं कापड तसंच वापरलं. या वस्तीतल्या गोधड्यांच्या रेषा वाकड्या आहेत, पट्टे रुंद-अरुंद आहेत, कापड संपलं तिथे रंग बदलला आहे. २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या, तेव्हा आधुनिक चित्रकलेच्या जाणकारांनी त्यांची मुक्तकंठाने वाखाणणी केली. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. मापात बसवण्यासाठी यातली एखादी गोधडी कुणी सरळ करायला घेतली असती, तर केवढं नुकसान झालं असतं!

अर्थात यावरून प्रत्येक वाकडेपणाला कला म्हणायची घाई करू नये. गीज बेंडच्या बायकांचे टाके वाकडे असले तरी पक्के होते. त्यांच्या गोधड्या वर्षानुवर्षं पांघरल्या गेल्या, धुतल्या गेल्या. अमेरिकेत अशीही एक कथा सांगतात, की देवच तेवढा निर्दोष म्हणून जुन्या बायका गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवत. गोधड्यांच्या इतिहासकारांना तिला पुरावा मिळालेला नाही. चूक मुद्दाम करावी लागत नाही, ती आपली आपण होते, हे ज्यांनी सुई धरली त्यांना सांगायला नको.

काही बिघाडांवर मात्र कुणाचाच इलाज चालत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रेशमाच्या वेड्यावाकड्या तुकड्यांच्या गोधड्यांची लाट आली होती. त्या काळी रेशीम जड आणि झुळझुळीत वाटावं म्हणून कारखाने त्यात धातूंचे क्षार मुरवत. त्या क्षारांनी धागे आतून कुरतडले. आज संग्रहालयांतल्या त्या गोधड्यांत शेजारचं मखमल शाबूत आहे आणि हे रेशीम उभ्या भेगा पडून झडतं आहे. शिवणाऱ्यांनी नाजूक भरतकाम केलं होतं, टाका न्‌ टाका जपून घातला होता. दोष कापड त्यांच्या हाती येण्याआधीच त्यात शिरला होता. जतन करणारे त्यावर अगदी तलम रेशमी जाळी पसरून उरलेले धागे जागच्या जागी धरून ठेवतात, एवढंच. आपल्याकडेही फडताळात वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेली साडी घडीच्या रेषेत चिरते. अशी साडी वरच्या थराला लावायचा हट्ट धरला, तर कितीही चांगला हात असला तरी ती टिकत नाही. तिची जागा आतल्या थरात. तिथे तिच्यावर ताण येत नाही, वरचं कापड तिला सांभाळतं.

ही आतली जागा फार मोठी सोय आहे. अगदीच बिघडलेली, रंग उतरलेली, झोळांनी भरलेली गोधडी पुढच्या गोधडीच्या पोटात घालण्याची रीत आपल्याकडे आहे, तशी अमेरिकेच्या खेड्यांतही होती. नवी साडी खाली, नवी वर आणि मधे ती जुनी, तिच्या साऱ्या चुकांसकट. आधीच शिवलेली असल्यामुळे तिचे थर सरकत नाहीत आणि वरचं टाचणं सोपं होतं. वीस-पंचवीस वर्षांनी नव्या गोधडीची कड झिजते, एखादा कोपरा उघडा पडतो आणि आत पांढऱ्या धोतरावर उतरलेला तो लाल पदराचा रंग दिसतो.